शब्दांशी खेळणारा गणिती : लुईस कॅरोल

‘ॲलिस इन वंडरलँड’ हे पुस्तक ज्याने वाचलेले नाही अशा विद्यार्थ्यालाही ते निदान ऐकून माहीत असते. परंतु त्याचा लेखक लुईस कॅरोल हा ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवीत असे, त्याचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन होते, आणि इंग्रजी शब्दांच्या पोटातली अक्षरे हुडकण्याचे अनेक खेळ त्याने रचले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

चार्ल्सचा जन्म २७ जानेवारी १८३२ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात डेअर्सबरी या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. अकरा भावंडांत चार्ल्स तिसरा आणि मुलग्यांत थोरला. १८४३ साली हे कुटुंब यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट येथे राहावयास गेले. तेथे भावंडांच्या करमणुकीसाठी तो घरच्या घरी हस्तलिखित मासिके काढी. त्यांपैकी एकाचे नाव ‘मिशमॅश’, म्हणजे खिचडी. हा हुशार मुलगा बोलताना मात्र अडखळे, आणि हा दोष जन्मभर गेला नाही.

रग्बीच्या शाळेतील वर्षे त्याला सुखाची गेली नाहीत. जानेवारी १८५१ मध्ये तो ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात दाखल झाला, तोच दोन दिवसांत आई वारली आणि त्याला घरी परतावे लागले. १८५४ साली त्याने गणितात पहिला वर्ग मिळविला. १८५५ ते १८८१ पर्यंत तो तेथेच गणिताचा व्याख्याता होता.

कॉलेजातील त्याची जागा टिकण्यासाठी अविवाहित राहणे आणि धर्मोपदेशकाची दीक्षा घेणे आवश्यक होते. डिसेंबर १८६१ मध्ये त्याने पहिली दीक्षा घेतली. पुढची मात्र कधीच घेतली नाही. व्यासपीठावर वाणी अडखळेल ही भीती हे त्याचे एक कारण सांगितले जाते. नियमावर बोट ठेवले असते तर त्याची जागाच गेली असती. परंतु कॉलेजचे डीन लिडेल यांनी त्याला तसेच राहू दिले.

याच लिडेल यांच्या तीन मुलींना ४ जुलै १८६२ रोजी नावेतून फिरावयास नेले असता त्याने ॲलिसची गोष्ट सांगितली. १८६५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्याआधीच, जून १८६३ मध्ये, त्या कुटुंबाशी त्याचे संबंध तुटले होते. त्या दिवसांतले रोजनिशीचे एक पान कापलेले आहे. त्यामुळे कारणाविषयी अभ्यासकांत अजूनही वाद आहे.

त्याचे टोपणनाव हाच एक शब्दखेळ आहे. चार्ल्स लटविज या नावांची त्याने लॅटिन रूपे केली, त्यांची अदलाबदल केली, आणि ती पुन्हा इंग्रजीत आणून १८५६ साली ‘लुईस कॅरोल’ हे नाव घेतले.

१८७७ च्या नाताळात त्याने ‘डब्लेट्स’ हा खेळ शोधला. एका वेळी एकच अक्षर बदलून एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत जावयाचे, आणि मधली प्रत्येक पायरी खरा शब्दच हवी. उदाहरणार्थ, मांजराचे कुत्रे करावयाचे असेल तर कॅट, कॉट, कॉग, डॉग. १८७९ साली लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकाने हा खेळ छापला आणि त्याचे वेड पसरले.

१८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने दुसरा खेळ प्रसिद्ध केला आणि त्याला घरच्या मासिकाचेच नाव दिले : ‘मिशमॅश’. एकाने दोनतीन अक्षरे द्यावयाची. दुसऱ्याने ती त्याच क्रमाने लागोपाठ येतील असा शब्द काढावयाचा. त्यानेच दिलेले उदाहरण जी आणि पी या अक्षरांचे. उत्तर : मॅगपाय. हे कठीण का वाटते? आपण शब्द लक्षात ठेवतो ते पहिल्या अक्षराने. भेंड्या लावतानाही आपण आरंभाचे अक्षर पकडतो. येथे मात्र शब्दाचा मधलाच तुकडा हाती असतो. युक्ती अशी की, न जुळणारी व्यंजने बहुधा शब्दाच्या सांध्यावर येतात. मॅग येथे संपते, पाय येथून सुरू होते. डब्ल्यू, के, डब्ल्यू ही अक्षरे लागोपाठ असलेला शब्द वाचकांनी याच रीतीने शोधून पाहावा. तो नेहमीच्या वापरातलाच आहे.

डिसेंबर १८८० मधील रोजनिशीत त्याने आणखी एक कल्पना नोंदविली : बुद्धिबळाच्या पटावर अक्षरे हलवून शब्द बनविण्याची. त्याच जातीचा ‘स्क्रॅबल’ हा खेळ त्या नावाने बाजारात आला १९४८ साली. अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स याने तो स्वतंत्रपणे घडविला होता.

या साऱ्या उद्योगामागे निव्वळ विरंगुळा नव्हता. रात्री झोप न येता अंथरुणावर पडले असता मनात नको ते विचार आणि शंका येतात, त्यांना दूर ठेवण्यासाठी मन कशात तरी गुंतवावे, असे त्याचे मत होते. म्हणून अंधारात तोंडी सोडविलेल्या गणितांचे पुस्तक त्याने १८९३ साली काढले. अंधारात लिहिता यावे म्हणून एक साधनही त्याने १८९१ मध्ये तयार केले. मुलींच्या शाळेत तो तर्कशास्त्रही शिकवी. पत्रांची तर त्याने नोंदवही ठेवली होती. तिच्यातील शेवटचा क्रमांक ९८,७२१ आहे.

१४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. सहासष्टावा वाढदिवस तेरा दिवसांवर आला होता.

मराठी असो वा कन्नड, आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजी ही शिकून घेतलेली भाषा आहे; बोलताना जीभ अडते, चारचौघांत संकोच वाटतो. ज्याची ती मातृभाषा होती त्याचीही जीभ त्याच भाषेत अडखळत होती. त्याने शब्दांकडे पाठ फिरविली नाही. ते एकेक अक्षर सुटे करून हाताळले आणि आपलेसे केले. वसतिगृहाच्या खोलीत कागद-पेन्सिल घेऊन आपल्यालाही तेवढे करता येण्याजोगे आहे.