मलिक अंबर : गुलाम ते वजीर

आपल्या जिल्ह्यातील पाथरीच्या कुलकर्णी घराण्याशी अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ जोडले जाते. ती निजामशाही पडती असताना सावरली एका गुलामाने.

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली इथिओपियात झाला. लहानपणीच तो विकला गेला. अनेक धनी बदलत, बगदादमार्गे तो दक्षिणेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एके काळी गुलामच होता. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले. अंबरने हबशी व मराठे जमवून निजामशाहीचा वारस गादीवर बसवला आणि गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवून तेथे नहरीने पाणी आणले. जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. तीत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादेत आहे.

१७९१ मध्ये फ्रेंचांच्या वसाहतीतील, आजच्या हैतीतील, गुलामांनी एकत्र बंड केले आणि गुलामगिरीच मोडली. अंबरने ती मोडली नाही. त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते.

आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. अंबरची थोरवी मला मान्य आहे. पण एकट्याने वर चढून भागत नाही, मागच्यांना हात द्यावा लागतो, हेही त्याच्याच चरित्राने मला शिकवले.