‘रेन अँड मार्टिन’मधले रेन

आपल्या बॅचमध्ये कुणालाही ‘रेन अँड मार्टिन’ म्हटलं की एक पुस्तक आठवतं, दोन माणसं आठवत नाहीत. मोठ्या भावाकडून, मामाकडून, शेजारच्या ताईकडून फिरत आलेलं, पुठ्ठा सुटलेलं, कुणाकुणाच्या पेन्सिलीच्या खुणा अंगावर वागवणारं ते जाडजूड पुस्तक. पाचवीत एबीसीडी गिरवायला लागलेल्या आपल्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीच्या आणि पुढे बारावीच्या इंग्रजीच्या पेपरची जी धास्ती असायची, तिच्यावरचा तो घरगुती उपाय होता. ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, ‘नो सूनर’ने सुरुवात करा, प्रयोग बदला, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा. हे सगळं आपल्या सरांनी फळ्यावर शिकवलं, आणि सरावाला वाक्यं काढली ती याच पुस्तकातून.

माझ्या कामामुळे मला एक सवय लागली आहे. एखादा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत असला की तो मूळ कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे शोधून बघायचं. तसंच मी एकदा या पुस्तकाच्या बाबतीत केलं. यातले मार्टिन म्हणजे एच. मार्टिन. ते ऑक्सफर्डचे एम. ए. होते आणि नावापुढे ओ.बी.ई. हा किताब लावायचे, एवढी ओळख मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर मिळते. रेन मात्र चांगलेच प्रसिद्ध गृहस्थ निघाले. प्रसिद्ध, पण व्याकरणासाठी नव्हे.

पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७५चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या डेप्टफर्ड भागातला. जन्माच्या वेळचं नाव नुसतं पर्सी. भारदस्त ‘पर्सिव्हल ख्रिस्तोफर’ नंतर आलं. वडील शाळामास्तर. घरची परिस्थिती बेताची. ऑक्सफर्डला ते शिकले, पण ज्यांना तिथल्या नामांकित कॉलेजांचा खर्च झेपत नसे अशा मुलांसाठी सेंट कॅथरिन्स सोसायटी नावाची सोय होती, तिथून. म्हणजे मास्तरांचा मुलगा, फीचा हिशेब करत शिकलेला. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

पुढच्या काही वर्षांबद्दल मात्र दोन हकिगती आहेत. एक खुद्द रेन यांच्या नावावर चालत आलेली: ते जगभर भटकले, खणकाम केलं, बोटीवर खलाशी झाले, जत्रेत मुष्टियुद्ध खेळले, ब्रिटिश घोडदळात होते आणि काही काळ फ्रान्सच्या ‘फॉरेन लीजन’मध्येही होते. ही फौज म्हणजे देशोदेशीच्या माणसांना भूतकाळ न विचारता भरती करून घेणारी, आफ्रिकेच्या वाळवंटात लढणारी. दुसरी हकिगत कागदपत्रांची. तिच्यात लीजनचा पुरावा सापडत नाही. १८९९ मध्ये त्यांचं लग्न झालं, १९०१ मध्ये मुलगी झाली आणि १९०३ मध्ये ते शिक्षण खात्याच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. या तारखांमध्ये इतकी सगळी साहसं बसवायला जागाच फारशी उरत नाही. रेन मात्र शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि खाजगी आयुष्याबद्दल फार बोलले नाहीत.

हिंदुस्थानातली वर्षं मात्र पक्की आहेत. ‘इंडियन एज्युकेशन सर्व्हिस’मध्ये ते १९०३ ते १९१७ होते आणि कराची हायस्कूलचे हेडमास्तर होते. कराची म्हटल्यावर आज आपल्याला परदेश आठवतो, पण त्या काळी सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. १९३६ मध्ये तो वेगळा झाला. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. म्हणजे कराचीचा सिंधी मुलगा, रत्नागिरीचा मराठी मुलगा आणि अहमदाबादचा गुजराती मुलगा इंग्रजीच्या एकाच पेपराला बसायचे. पास झाला तर कॉलेज, वकिली, सरकारी नोकरी. नापास झाला तर पुन्हा घरचा धंदा नाहीतर पुन्हा पेपर. बोर्डाच्या निकालाच्या दिवशी आपल्या शाळेच्या पटांगणात जो ताण असायचा, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

चौदा वर्षांच्या या नोकरीत रेन यांच्यापुढे हीच मुलं होती. आपल्या भाषेत विचार करणारी, इंग्रजीत परीक्षा देणारी. त्यांनी आधी मुलांसाठी नव्हे, तर शिक्षकांसाठी पुस्तकं लिहिली: शाळा कशी चालवावी, हेडमास्तरांनी काय बघावं, वर्गात शिकवावं कसं. त्यांतलं एक इंग्रजी ‘डायरेक्ट’ पद्धतीने शिकवण्यावर होतं. डायरेक्ट पद्धत म्हणजे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं. वस्तू दाखवून, कृती करून, आधी बोलून आणि मग लिहून; प्रत्येक वाक्याचं मातृभाषेत भाषांतर करत बसायचं नाही. गंमत अशी की त्याच रेन यांचं नाव असलेलं पुस्तक पुढे मराठी शाळांतून नेमकं भाषांतर करकरून शिकवलं गेलं. पण त्यात दोष द्यावा असं काही नाही. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही, अशा ठिकाणी शिक्षक हाताशी आहे तेच वापरणार.

कराचीच्याच काळात त्यांनी कथा-कादंबऱ्याही लिहायला घेतल्या. १९१२ मध्ये ‘ड्यू अँड मिल्ड्यू’ हे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या जीवनावरचं पुस्तक आलं. त्याच सुमारास घरावर मात्र आघात होत होते. १९१० मध्ये मुलगी एस्टेल गेली. जेमतेम नऊ वर्षांची होती. १९१४ मध्ये पत्नी ॲलिसही गेली. ते पुण्याच्या व्हॉलंटिअर रायफल्समध्ये कॅप्टन होते. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर राखीव अधिकारी म्हणून १०१ ग्रेनेडिअर्स या पलटणीतून पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर गेले, तब्येत बिघडली आणि १९१५ मध्ये सैन्याचा राजीनामा दिला. १९१७ मध्ये शिक्षण खातंही सोडलं आणि पुढे इंग्लंडमध्ये राहून लेखणीवर जगायचं ठरवलं.

१९२४ मध्ये त्यांची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी आली आणि त्यांचं नाव जगभर झालं. एका श्रीमंत घरातला मौल्यवान नीलमणी नाहीसा होतो. तीन भाऊ, एकमेकांवर आळ येऊ नये म्हणून, एकामागून एक घर सोडून फॉरेन लीजनमध्ये भरती होतात. वाळवंटातल्या किल्ल्यावर हल्ला होतो. शिपाई कमी पडायला लागतात, तेव्हा तिथला क्रूर सार्जंट मेलेल्या शिपायांना बंदुकीसह तटाला टेकवून उभं करतो. शत्रूला वाटावं, किल्ल्यात भरपूर माणसं आहेत. १९२६ मध्ये यावर मूकपट निघाला आणि १९३९ मध्ये गॅरी कूपरला घेऊन बोलपट. रेन यांनी पुढे लीजनवर आणखीही बरंच लिहिलं. १९२७ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं.

या प्रसिद्धीच्या काळातच, १९३०च्या दशकाच्या मध्यावर, मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांच्याकडून रेन आणि मार्टिन यांचं ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ आलं. तिकडे लेखक वाळवंटातल्या लढायांसाठी गाजत होते आणि इकडे त्यांच्या नावावर आपल्या आजोबांची पिढी क्रियापदाचे काळ सोडवत होती. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, मुंबई इलाखा गेला, मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली, पुस्तक राहिलं. पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी ते सुधारून दिलं आणि तेच आपल्या हाती आलं. सोबत उत्तरांची ‘की’ वेगळी मिळायची. ती कुणाकडे आहे हे वर्गात सगळ्यांना ठाऊक असायचं.

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते या पुस्तकाच्या शेवटाकडच्या एका भागाबद्दल. पुस्तकाच्या नावात ‘ग्रामर’नंतर ‘कॉम्पोझिशन’ आहे. त्यात निबंधावर एक प्रकरण आहे. चांगल्या शालेय निबंधात काय हवं, याची तिथे यादी आहे: एकच विषय धरून राहणं, मुद्द्यांचा क्रम, आटोपशीरपणा, साधी स्वच्छ भाषा आणि शेवटी, लिहिणाऱ्याचा स्वतःचा स्पर्श. तयारी कशी करायची तेही आहे. वाचा, आजूबाजूला बघा, लोकांशी बोला. मग विषय नीट समजून घ्या, सुचेल ते टिपून काढा, त्यातलं नको ते गाळा, उरलेलं ओळीने लावा आणि मगच लिहायला बसा. मी रोज जे काम करते, त्यात नव्या मुलामुलींना मी जवळपास हेच सांगत असते.

परीक्षेच्या धामधुमीत या पानांपर्यंत फार कमी मुलं पोचतात. निबंध म्हटलं की गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि पाठांतर. ‘इफ आय वेअर द प्राइम मिनिस्टर’, ‘सायन्स: बून ऑर कर्स’, छत्रीचं आत्मवृत्त. वर्गातल्या साठही जणांचा छंद बागकाम, मग घर चाळीत का असेना. याने मार्क मिळतात, हे खरंच आहे. पण विषय जरा वळवून आला की पाठ केलेला निबंध उपयोगी पडत नाही. ‘बो जेस्ट’मधल्या तटावरच्या त्या शिपायांसारखं होतं: लांबून बघणाऱ्याला किल्ला भरलेला दिसतो, पण लढायला कुणी नसतं.

तुमच्यापैकी काही जणांना माहीत आहे की गेली तीन वर्षं आपण चौघी-पाचजणी रविवारी सकाळी आपल्या शाळेच्या दहावीच्या आणि बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा तास ऑनलाइन घेतो. तिथे आम्ही ही निबंधाची पानं आधी घेतो आणि व्याकरण नंतर. पहिल्या वर्षी ‘पावसाळ्यातला एक दिवस’ असा विषय दिला, तर सगळ्यांकडे मोर नाचले आणि हिरवे गालिचे पसरले. मग सांगितलं, गालिचा आणि मोर सोडून तुमच्या घरी पावसात काय होतं ते दहा ओळींत टिपा, मराठीत टिपलं तरी चालेल. बारावीतल्या एका मुलाने टिपलं की पावसाळ्यात वीटभट्टी बंद असते, म्हणून वडील घरी असतात. आई किराणावाल्याकडची वही लपवून ठेवते. आणि वडील रोज संध्याकाळी त्याला सायकलवरून गावाबाहेरच्या पुलावर पाणी किती चढलंय ते बघायला नेतात. त्याने ते इंग्रजीत लिहिलं तेव्हा काळाच्या सात चुका होत्या. त्या सात चुकांसाठी रेन अँड मार्टिनची काळाची दोन प्रकरणं त्याला दिली. पूर्वी त्याच प्रकरणांना तो कंटाळायचा. आता स्वतःची वाक्यं दुरुस्त करायची होती, म्हणून त्याने ती चार दिवसांत संपवली.

तेव्हा मला रेन यांच्या कराचीतल्या वर्षांचं महत्त्व कळलं. आपल्या तरुणपणाची त्यांनी सांगितलेली साहसं खरी की खोटी, हा वाद राहील. त्यांच्या कादंबऱ्या आता फारसं कुणी वाचत नाही. पण चौदा वर्षं परक्या भाषेशी झगडणाऱ्या मुलांचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं, त्याला कुणाचा पुरावा लागत नाही. मुलं कुठे अडतात हे ज्याने पाहिलंय, त्याच्या पुस्तकाला नव्वद वर्षं झाली तरी गिऱ्हाईक असतं.

२२ नोव्हेंबर १९४१ रोजी, दुसरं महायुद्ध चालू असताना, ग्लॉस्टरशायरमधल्या ॲम्बर्ली या गावी रेन वारले. त्या वर्षीही मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाली असेल आणि त्यांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपलेली मुलं त्या परीक्षेला गेली असतील. त्यांच्यातलीच कुणी पुढे आपल्या शिक्षकांचे शिक्षक झाले.

रविवारच्या तासाला या वर्षी बारावीची एकतीस मुलं आहेत आणि शिकवणारे आपण पाचच. प्रत्येकाचा निबंध वाचून त्यावर चार ओळी लिहायच्या तर आणखी पाच-सहा जण हवेत. इंग्रजी फार चांगलं हवं असं नाही. मुलाने लिहिलेलं मन लावून वाचायला आणि पुढे काय झालं, हे विचारायला माणूस हवा. आपल्या निवृत्त शिक्षकांपैकी कुणाला वेळ असेल तर आमच्याइतका आनंद त्या मुलांनाही होईल. मेळाव्याच्या दिवशी मी नोंदणीच्या टेबलापाशीच असेन. पुठ्ठा सुटलेलं जुनं ‘रेन अँड मार्टिन’ घरात पडून असेल, तर तेही घेऊन या. मुलांना लागतं.