केळुसकर गुरुजींनी दिलेले पुस्तक

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यावस्त्यांतून आणि बुद्धविहारांतून गुणवंतांचे सत्कार होतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मंडप पडतो, पाहुणे येतात, भाषणे होतात. मुलांना गुलाबपुष्प, प्रमाणपत्र आणि स्मृतिचिन्ह मिळते. पुस्तक मात्र क्वचितच मिळते आणि मिळालेच तर ते देणाऱ्याने स्वतः वाचलेले असतेच असे नाही. अशा वेळी आम्हाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत झालेल्या एका सत्काराची आणि त्या सत्कारात पुस्तक देणाऱ्या माणसाची आठवण होते. तो माणूस म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर. समाज त्यांना केळुसकर गुरुजी म्हणून ओळखतो. पण ती ओळख बहुधा त्या एका प्रसंगापुरतीच असते.

गुरुजींचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या केळुस या गावी झाला. पुढे ते मुंबईत आले आणि विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळा सुटल्यावर वाचन आणि लेखन हाच त्यांचा उद्योग होता. बहुजन समाजातून आलेल्या या शिक्षकाने चरित्रे कोणाची लिहिली हे पाहण्यासारखे आहे. १८९६ साली त्यांनी तुकारामांचे चरित्र लिहिले, १८९८ साली गौतम बुद्धाचे. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र आले. ज्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या असे परंपरा सांगते तो कुणबी संत, ज्याचा धम्म त्याच्याच भूमीतून हद्दपार झाला तो तथागत आणि ज्याच्या क्षत्रियत्वावर शंका घेऊन राज्याभिषेकात अडथळे आणले गेले तो राजा. ही निवड सहज झालेली नाही. बहुजनांच्या हाती काय वाचायला द्यायचे याचा विचार करणाऱ्या माणसाची ती निवड आहे. त्यांच्या शिवचरित्राच्या आधारे ताकाखाव यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली निघाला आणि महाराजांचे कार्य मराठी न जाणणाऱ्यांपर्यंत पोहोचले.

परंतु गुरुजींचे सर्वांत मोठे कार्य ग्रंथालयाच्या कपाटात सापडत नाही. ते चर्नीरोडच्या बागेत सुरू झाले.

त्या काळी भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. परळच्या चाळीतली एकच खोली. तीत सारे कुटुंब आणि सगळा संसार. अभ्यासाला जागा कुठली? म्हणून शाळा सुटली की हा मुलगा बागेत जाऊन पुस्तक उघडून बसे. शाळेतल्या पुस्तकांपेक्षा बाहेरची पुस्तके वाचण्याची त्याला विलक्षण ओढ होती. वडील सुभेदार रामजी ती ओढ जाणून होते. खिशात पैसे नसले तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणून गहाण टाकत आणि पुस्तक विकत आणत. केळुसकर गुरुजीही त्याच बागेत वाचायला येत. रोज एकाच ठिकाणी वाचत बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली. मुलगा महार आहे हे कळल्यावर गुरुजी दूर सरले नाहीत. ते स्वतःजवळची पुस्तके त्याला वाचायला देऊ लागले, काय वाचावे हे सांगू लागले. ज्या काळात अस्पृश्याचा स्पर्श झालेली वस्तू शिंपडून घेतली जात होती, त्या काळात एकच पुस्तक या दोन हातांतून फिरत होते!

पुढे भीमराव परीक्षा पास झाले आणि समाजाने सत्कार करायचे ठरवले. चरित्रकारांनी हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या यशाशी जोडला आहे. बाबासाहेबांनी मात्र 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या आणि तेव्हा ग्रंथाबरोबर न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. परीक्षा कोणती याचा निवाडा अभ्यासक करोत. पुस्तक कोणते याबद्दल वाद नाही. सत्काराने मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी परवानगी नाकारली होती. मंडळी केळुसकरांकडे गेली, त्यांनी मित्राची समजूत घातली आणि सभा झाली. त्या सभेत गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले.

त्यानंतर घरात काय घडले हेही त्याच प्रस्तावनेत आहे. पुस्तक वाचून मुलाने वडिलांनाच जाब विचारला. आपल्याला रामायण-महाभारत वाचायला लावता, त्यात तर ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची अवहेलनाच आहे. मग बुद्धाचे वाङ्मय आपल्याला का दिले नाही? रामजींनी कर्णाचे, द्रोणाचे, वाल्मीकीचे दाखले दिले. लहान समजली गेलेली माणसे किती उंच गेली हे वाचून मुलाच्या मनातला न्यूनगंड जाईल अशी त्यांची भावना होती. मुलाचे समाधान झाले नाही. रामजींची माया कमी होती असे कोणी म्हणू नये. दागिने गहाण टाकणारा तो बाप होता. पण त्यांच्यापाशी जी पुस्तके होती तीच ते देऊ शकत होते. दुसरे पुस्तक बाहेरून यावे लागले, आणि ते गुरुजींनी आणले.

आमच्या मते गुरुजींचे खरे मोठेपण यापुढे आहे. पुस्तक देऊन, फोटो काढून मोकळे व्हावे तसे ते मोकळे झाले नाहीत. इंटरनंतर भीमरावांचे शिक्षण पैशाअभावी थांबायची वेळ आली, तेव्हा हेच गुरुजी त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. कॉलेजात प्रोफेसर मुल्लर पुस्तके देत, कपडेही देत. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच मदतीवर अमेरिकेला गेले. गुरुजींचे बुद्धचरित्रही बडोद्याच्या आश्रयाने लिहिले गेले होते, हा दुवा विसरता येणार नाही.

गुरुजी १४ ऑक्टोबर १९३४ रोजी गेले. त्यानंतर बरोबर २२ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. आम्ही त्यात चमत्कार शोधत नाही. एका पुस्तकाने धर्मांतर झाले असेही आम्ही म्हणत नाही. त्यामागे बाबासाहेबांचा आयुष्यभराचा अभ्यास आणि संघर्ष होता. पण बुद्धाकडे आपण वळलो ते केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकामुळे, ही कबुली खुद्द बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी दिली आहे.

आज दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे उभे राहायला जागा नसते. आपला समाज पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेतो याचा आम्हाला अभिमान आहे. पण घेतलेले पुस्तक पुढे कोणाच्या हाती जाते? बहुतेक घरांत ते बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कपाटात बंद होते. आम्हीही यातून सुटलेलो नाही. न वाचलेली पुस्तके आम्हीही सत्कारात वाटली आहेत, आणि पुढे त्या मुलाला ते वाचलेस का असे एकदाही विचारलेले नाही.

गुरुजींकडे सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. वाचलेले पुस्तक होते आणि वाचणारा मुलगा ओळखण्याची नजर होती. तेवढे तर आपल्या प्रत्येकाकडे असू शकते. सध्या आपण जे वाचत आहोत ते वाचून झाले की वस्तीतल्या एका मुलाला, एका मुलीला द्यावे, महिन्याभराने घरी जाऊन त्यावर बोलावे आणि पुढचे पुस्तक द्यावे. पुढच्या निकालाच्या वेळी स्मृतिचिन्हांचा खर्च वाचवून एवढे केले, तरी केळुसकर गुरुजींचे ऋण थोडेफार फिटेल.