ज्याच्या स्वागताला तरुण आंबेडकर गेले, तोच बॉलर पुढे निवडणुकीत त्यांच्याविरोधात उभा राहिला

आमच्या शेंदूरजनाघाटात संत्र्याचा भाव, विदर्भाची रणजी टीम आणि राजकारण हे तिन्ही विषय एकाच पानठेल्यावर चघळले जातात. परवा तिथंच एका भाऊनं मोबाईलवर एक जुना व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला कॉलिन केपरनिक. त्यांच्याकडच्या व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे तो अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात त्या खेळाचा, नावाजलेला खेळाडू. काळ्या लोकांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचाराचा निषेध म्हणून २०१६ साली तो राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसायला लागला. तो सीझन संपला आणि पुढं त्याला एकाही टीमनं घेतलं नाही. २०१७ मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प अशा खेळाडूंना काढून टाका म्हणून भाषणात बोलले.

व्हिडिओ संपल्यावर ठेल्यावरचा एक जण म्हणाला की खेळात राजकारण आणूच नये. आपल्याकडं तर हे असलं कधी नव्हतं.

नव्हतं कसं राजेहो? आपल्याकडं ते शंभर वर्षांआधी होतं. आणि ते खेळाडूनं आणलं नव्हतं, तो मैदानात यायच्या आधीच ते तिथं बसलेलं होतं.

त्या खेळाडूचं नाव पालवणकर बाळू.

'लगान' मधला कचरा आठवतो ना? ज्याला टीममध्ये घ्यायचं म्हटल्यावर अख्खं गाव बिथरतं तो. तो सीन पाहताना क्रिकेटचा इतिहास माहीत असणाऱ्यांना बाळूच आठवतात. फरक इतकाच की सिनेमात हा प्रश्न एका भाषणात सुटतो. बाळूंच्या आयुष्यात तो पंचवीस वर्षं सुटला नाही.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. कुटुंब मूळचं कोकणातल्या पालवणचं, चर्मकार समाजातलं. वडील लष्करी नोकरीत, त्यामुळं घर पुण्याला आलं. तिथं गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. शाळा लवकर सुटली.

पहिली नोकरी लागली पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर पीच झाडणं आणि रोलर फिरवणं. पगार महिन्याला ३ रुपये. मधूनच कुणाला बॉलिंगची प्रॅक्टिस हवी असली तर चेंडू टाकायचा. १८९२ च्या सुमारास ते पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात गेले. पगार वाढला, झाला ४ रुपये.

इथं त्यांना भेटला ग्रेग नावाचा इंग्रज अधिकारी. त्या काळच्या हिंदुस्थानातला गोऱ्यांचा सगळ्यात भारी बॅट्समन. हा गडी इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूंना बॉलिंग टाकायला लावायचा. आपल्याला आऊट केलं की तो दरवेळी आठ आणे द्यायचा अशी आख्यायिका आहे. पगार ४ रुपये आणि एका विकेटचे आठ आणे, म्हणजे महिन्यात आठदा ग्रेगची दांडी उडवली की पगार दुप्पट. डावखुरी स्पिन बॉलिंग इतकी घोटून का झाली याचा हिशोब ज्याचा त्यानं लावावा.

पण गोऱ्यांनी त्यांना बॉलिंग मनसोक्त करू दिली, बॅट मात्र हातात दिली नाही असं सांगतात. बॅटिंग साहेबानं करायची आणि घाम नोकरानं गाळायचा.

आता पुण्यातल्या हिंदू क्लबला या गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि गोऱ्यांच्या नेटमध्येच तयार झालेला बॉलर गावात होता. पण जात आडवी आली. क्लबातल्या ब्राह्मण मंडळींची कुरकुर सुरू झाली, तर काही तेलुगू सभासद म्हणाले घ्याच. शेवटी जिंकायची हौस सोवळ्यावर भारी पडली आणि बाळू टीममध्ये आले.

मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे, तेव्हा विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून पिणार आणि बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडात मिळणार. जेवणाचं ताटही वेगळं. गोऱ्यांच्या विकेट काढायच्या आणि बाहेर एकट्यानं चहा प्यायचा.

टीम जिंकू लागली तशी पुण्यात चर्चा झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला, पुढं टिळकांनीही कौतुक केलं. याच काळात पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही पुन्हा तीच कुरकुर झाली, आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं: बॉलर हवाय. रेल्वेत नोकरी मिळाली. मागोमाग शिवरामही टीममध्ये आले.

मग आला फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. त्या काळी टीम धर्मावर पडायच्या, हेही लक्षात घ्या. हिंदूंनी २४२ आणि १६० केले, गोऱ्यांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ रन्सनी जिंकले. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली, आणि इकडं राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात धूळ चारली. त्यातही दोन अस्पृश्य भाऊ टीममध्ये. सुधारकी पत्रांनी तेव्हाच लिहिलं की क्रिकेटवाल्यांना जमलं ते बाकी समाजाला कधी जमणार.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. महाराजांचं लक्ष मेजवान्यांकडंच जास्त. टीम बहुतेक मॅचेस हरली, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट काढल्या, सरासरी १८.८४. तेही दुखऱ्या खांद्यानं, पस्तिशी गाठल्यावर. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात एकट्याच्या ११ विकेट.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा मोठा सत्कार केला. त्या सत्काराच्या धडपडीत एक कॉलेजातला तरुण होता, भीमराव आंबेडकर. लंडनच्या पेपरात नाव छापून आलेला आपल्यातला माणूस त्या पिढीला दुसरा कोण होता? बाळू हे त्या पोरांचे हिरो होते.

तरी कॅप्टनशिप मिळाली नाही. अनुभव सगळ्यात जास्त, विकेट सगळ्यात जास्त, पण दरवर्षी कॅप्टन कुणी तरी वरच्या जातीचाच. १९२० साल उजाडलं. बाळूंचं वय झालं म्हणून त्यांना टीममधूनच वगळलं. कॅप्टन पै आजारी पडले, तर कॅप्टनशिप गेली दि. ब. देवधरांकडं. देवधर मोठेच खेळाडू, त्यात वाद नाही. पण शिवराम आणि विठ्ठल हे दोघे पालवणकर भाऊ त्यांच्याहून जुने होते.

दोघांनी जाहीर पत्रक काढून टीममधून माघार घेतली. जातीमुळं डावललं जातंय हे सरळ लिहून टाकलं. राष्ट्रगीत नव्हतं, कॅमेरे नव्हते, पण केपरनिकच्या ९६ वर्षं आधी मुंबईत हे घडलंय.

आणि इथं आपली गोष्ट अमेरिकेपेक्षा वेगळी वळते. लोक भावांच्या बाजूनं उभे राहिले. गांधीजींच्या असहकाराचं वर्ष होतं, अस्पृश्यता सगळ्यांच्या तोंडी होती. फायनलला बाळूंना परत घेतलं, व्हाइस-कॅप्टन केलं, भाऊही परतले. मॅचमध्ये पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी टीमचं नेतृत्व केलं. ती तेवढीच त्यांची कॅप्टनशिप. पुढं १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल रीतसर कॅप्टन झाले आणि गोऱ्यांना हरवल्यावर त्याच सवर्ण लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

बाळूंची फर्स्ट क्लास कारकीर्द ३३ मॅचेस, १७९ विकेट, सरासरी १५.२१. गोष्ट इथंच संपवता आली असती. बरेच जण संपवतात पण, कारण पुढचा भाग अवघड आहे.

१९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब आपल्या अमरावतीत आले होते, अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहासाठी. त्या अनुभवांतून त्यांचा मार्ग बदलत गेला. मंदिरापेक्षा सत्तेतला वाटा महत्त्वाचा, त्यासाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत या मतावर ते आले. बाळूंना हे पटलं नाही. १९३२ मध्ये एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांनी संयुक्त मतदारसंघाचा करार केला, बाळू त्या बाजूनं होते. गांधीजींच्या उपोषणानंतर पुणे करार झाला, त्यावर आंबेडकरांचीही सही आहे आणि बाळूंचीही.

१९३३ मध्ये बाळू हिंदू महासभेकडून मुंबई महापालिकेला उभे राहिले आणि पडले. १९३७ ला काँग्रेसनं त्यांना प्रांतिक निवडणुकीत राखीव जागेवर उभं केलं. भायखळा-परळचा भाग, समोर खुद्द आंबेडकर. पक्षाचा हिशोब उघड होता: बाबासाहेबांना टक्कर देईल असं त्याच समाजातलं एकच नाव मुंबईत घरोघरी माहीत होतं.

आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक फक्त २,०२०.

आज काहींना वाटतं काँग्रेसनं त्यांना वापरलं. माझं मत जरा वेगळं. काँग्रेसनं वापरलं हे खरंच, पण बाळू काही भोळे नव्हते. त्यांच्या आयुष्यानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती, की आत शिरून, विकेट काढत राहिलं की दार थोडं थोडं उघडतं. १९२० ला ते उघडलं होतं. बाबासाहेबांनी हिशोब केला की असं दार उघडायला एका माणसाला ११४ विकेट लागतात, मग ज्याला बॉलिंग येत नाही त्यानं काय करायचं? आपल्याला बाबासाहेबांचा प्रश्न पटतो. पण बाळूंचं उत्तर कुठून आलं तेही कळतं.

त्यानंतर बाळू फारसे चर्चेत राहिले नाहीत. ४ जुलै १९५५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. तोवर हिंदुस्थान टेस्ट खेळायला लागून तेवीस वर्षं झाली होती आणि राज्यघटना लागू होऊन पाच. सांताक्रुझच्या स्मशानात त्यांना निरोप द्यायला क्रिकेटवाले आले होते आणि दलित पुढारीही.