सागरतळाचा यात्रिक : जाक कुस्तो

माणसाला पाण्याखाली माशासारखे मोकळे हिंडता यावे म्हणून ज्याने आयुष्य वेचले, तो मुळात आकाशात उडायला निघाला होता. जाक-ईव्ह कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. नौदलात वैमानिकाचे शिक्षण घेत असता मोटार-अपघातात त्यांचे हात जायबंदी झाले आणि ते स्वप्न विरले. पुढे १९३६ मध्ये तुलाँजवळच्या समुद्रात पाणचष्मा लावून त्यांनी डोके बुडविले मात्र, त्यांच्या जीवनाची दिशाच पालटली.

त्या काळी बहुतेक पाणबुडे जड शिरस्त्राण घालून, नावेवरून येणाऱ्या हवेच्या नळीला जखडूनच खाली उतरत. महायुद्धातील पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप बनविली होती. तिच्यात फेरफार करून १९४३ मध्ये या दोघांनी 'अॅक्वालंग' सिद्ध केले. पाण्यात दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पाणबुड्याने श्वास ओढताच ही झडप पाठीवरच्या नळकांड्यातील हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने सोडते. एरवी बंद राहते. युक्ती साधी, पण तिने समुद्राचे दार उघडले.

१९५० मध्ये सुरुंग काढणारी एक जुनी बोट वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने त्यांना मिळाली. तीच 'कॅलिप्सो'. तिच्यातून ते तांबड्या समुद्रातील प्रवाळांच्या राज्यात पोचले. खोलवर पाणी तांबडा रंग गिळून टाकते. पण दिवा धरताच निळसर दिसणारे प्रवाळ लालभडक पेटून उठत. ते दृश्य 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाने जगाला दाखविले. १९५६ मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक लाभले.

याच चित्रपटात एक क्लेशकारक प्रसंगही आहे. माशांची मोजदाद करण्यासाठी कुस्तोंच्या चमूने प्रवाळखडकाजवळ सुरुंग उडविला आणि असंख्य मासे मेले. प्रवाळ म्हणजे निर्जीव दगड नव्हे. इवल्या जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या कण कण चुना साठवून बांधलेली ती वसाहत असते. ज्याला त्या सौंदर्याचे वेड लागले, त्याच्याच हातून हा संहार व्हावा, हा केवढा विरोधाभास!

परंतु कुस्तो तेथेच थांबले नाहीत. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याला त्यांनी कडाडून विरोध केला. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्यापाशी प्रवाळखडकावर, दहा मीटर खोल पाण्यात घर बांधून त्यांचे सहकारी महिनाभर राहिले. १९७३ मध्ये त्यांनी सागररक्षणासाठी संस्था स्थापिली. १९७९ मध्ये पुत्र फिलीप विमान-अपघातात गेला, तरी हे कार्य खंडले नाही. अंटार्क्टिकात खाणकाम होऊ नये म्हणून त्यांनी लोकमत जागविले, आणि १९९१ मध्ये तशी बंदी घालणारा करार झाला. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे देहावसान झाले.

आज मालवणच्या समुद्रात हौशी पाणबुडे उतरतात, तेव्हा पाठीवर त्याच साधनाची सुधारलेली आवृत्ती असते. प्रवाळाला हात लावू नये, हा पाणबुड्यांचा नियमही आता सर्वमान्य आहे. कुस्तोंचे चरित्र पाहता वाटते, की समुद्रात श्वास घेण्याची युक्ती त्यांना तेहेतिसाव्या वर्षीच साधली. समुद्राशी कसे वागावे, हे शिकण्यास मात्र पुढचे सारे आयुष्य लागले.