शाहू महाराज आणि खासबागचे मैदान

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत 'तालीम' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे शाळा, किताब आणि उस्ताद येतात. पण कोल्हापुरात कुणाला तालमीचा पत्ता विचारून पाहा. तो तुम्हांला जिथे पोचवील तिथे एकही पुस्तक नसेल. तिथे तांबडी माती असेल, लंगोट लावून जोर-बैठका काढणारी मुले असतील आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा वस्ताद असेल. वस्ताद म्हणजे आपला उस्तादच! कुस्ती, दंगल, मैदान, पैलवान हे शब्दही तुम्हांला परके नाहीत. म्हणून आजचा धडा तुम्हांला सोपा जाईल, असे मला वाटते.

हा धडा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्याविषयी आहे. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. ते दहा वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा १८८४ मध्ये कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले. पुढे राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती राज्यकारभार आला. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस होते. अंगाने ते उंच, धिप्पाड होते. लहानपणापासून त्यांना घोडेस्वारी, शिकार आणि कुस्तीचा मोठा नाद. ते स्वतः मातीत उतरत.

१९०२ साली इंग्लंडचा बादशहा सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणाचा समारंभ होता. त्यासाठी महाराज युरोपला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम शहरातील कोलोझियम पाहिले. मुलांनो, ही इमारत नीट समजून घ्या. इसवी सन ८० मध्ये, टायटस बादशहाच्या काळात, ती लोकांसाठी खुली झाली. ती लंबगोल आहे. मध्ये वाळू पसरलेले अंगण, भोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली बैठक आणि आत-बाहेर जाण्यासाठी ८० दरवाजे. सुमारे पन्नास हजार माणसे तिथे बसत आणि खेळ संपला की अडचण न होता बाहेर पडत.

पण खेळ कसला? ग्लॅडिएटर नावाचे लढवय्ये तलवारी, भाले, जाळी घेऊन एकमेकांशी लढत. त्यांतले बहुतेक गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले गुन्हेगार असत. काही जण मात्र पैशासाठी किंवा नावासाठी आपण होऊन येत. त्यांना शिकवण्यासाठी शाळा होत्या. त्या शाळेला रोमन लोक 'लूडस' म्हणत, आणि लहान मुले जिथे अक्षरे गिरवीत त्या शाळेलाही लूडसच म्हणत. आपल्या 'तालीम' शब्दासारखेच झाले की नाही? या लढवय्यांना खुराकही मिळे. जव आणि कडधान्ये हे त्यांचे मुख्य खाणे. प्रत्येक लढतीत माणूस मरेच असे नाही, कारण शिकवून तयार केलेला लढवय्या महाग पडे. तरी हरलेल्याने खाली बसून वाट पाहायची. खेळ भरवणारा श्रीमंत माणूस गर्दीचा आरडाओरडा ऐके आणि त्याला जगवायचे की मारायचे ते ठरवी.

महाराज परत आले आणि कोल्हापुरात तसेच एक मैदान उभारण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १९०७ च्या सुमारास खासबागेच्या जागेवर काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान तयार झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा (तुमच्या 'हौज' शब्दाचा हा भाऊ), भोवती गोलाकार उतरती बैठक. अगदी मागच्या माणसालाही हौद्यातील डाव दिसावा, पुढच्याच्या फेट्याने त्याची नजर अडू नये, अशी सारी रचना. सुमारे तीस हजार माणसे तिथे बसून कुस्ती पाहू शकतात. रोमच्या इमारतीचा घाट महाराजांनी घेतला. तिथला खेळ तिथेच राहू दिला. खासबागेत पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. हरलेला पैलवान उठतो, अंगावरची माती झटकतो आणि पुढच्या दंगलीची तयारी करायला तालमीत जातो.

१९१२ साली या मैदानात पहिली मोठी कुस्ती झाली ती पंजाबच्या इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या मल्लांची. इमामबक्षाने ती जिंकली. हा इमामबक्ष म्हणजे प्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ. दोघे भाऊ १९१० साली लंडनला जाऊन तिथल्या आखाड्यात नाव कमावून आले होते. महाराजांच्या दरबारात मल्लाची जात किंवा धर्म विचारला जात नसे. दूरदूरचे मल्ल कोल्हापुरात येत, आणि त्यांच्या दूध, तूप, बदामाची सोय संस्थानातून होई.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. महाराजांना साठमारीचाही शौक होता. साठमारी म्हणजे मस्तीत आलेल्या हत्तीला मोकळ्या अंगणात चिडवायचे आणि तो अंगावर आला की चपळाईने बुरुजाच्या अरुंद दारातून आत शिरायचे. चिडवणाऱ्याला साठमार म्हणत. पाय घसरला तर जीव जाण्याचे भय. हत्तीला तर कुणी विचारतच नसे. बडोद्यातही हा खेळ प्रसिद्ध होता. कोल्हापुरात त्या जागेला लोक आजही साठमारी म्हणतात. रोमची थोडीशी छाया इथे पडलीच होती, असे मला वाटते.

आता पुन्हा १९०२ कडे वळू. महाराज परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांच्या संस्थानात एक जाहीरनामा निघाला. संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या. या वर्गांत मुसलमानही होते. १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिचे वसतिगृह सुरू झाले. तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले होते. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. म्हणजे तालमीचे दोन्ही अर्थ या राजाने सांभाळले!

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते केवळ सत्तेचाळीस वर्षांचे होते.

कोल्हापुरात राहून शिकलेले खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खासबागेला लागूनच महाराजांनी बांधलेले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत होरपळले, तेव्हा साऱ्या कोल्हापूरने हळहळ केली.

आपल्या पावसहून कोल्हापूर फार दूर नाही. रत्नागिरीला जाऊन एस.टी. पकडली की साखरपा, मग आंबा घाट, मलकापूर आणि पुढे कोल्हापूर. सहलीला गेलात तर महालक्ष्मीचे देऊळ आणि रंकाळा पाहून झाल्यावर खासबागेत या. सगळ्यांत वरच्या पायरीवर बसा आणि खाली हौद्याकडे पाहा. तिथून मातीचा रंगसुद्धा स्पष्ट दिसतो.