पर्सी स्पेन्सर: मायक्रोवेव्ह शोधणारा माणूस, आणि तुमचा ओव्हन बिघडला तर?

भंडारा असो की तुमसर, किचनमधला मायक्रोवेव्ह आला तो शाळा अर्धवट सोडलेल्या एका माणसामुळे.

पर्सी स्पेन्सर यांचा जन्म १८९४ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. वडील लवकर वारले, नातेवाइकांनी वाढवलं. बाराव्या वर्षीच ते गिरणीत कामाला लागले. पुढे नौदलात रेडिओ शिकले आणि रेथिऑन कंपनीत गेले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी लागणारा मॅग्नेट्रॉन झपाट्याने बनवायची पद्धत त्यांनी काढली.

१९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. दुसरा कुणी खिसा पुसून मोकळा झाला असता. यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले, तर लाह्या फुटल्या! त्याच वर्षी पेटंटचा अर्ज केला. १९४७ चा पहिला ओव्हन सुमारे ३४० किलोचा होता. घरगुती, ओट्यावर मावणारा १९६७ मध्ये आला. १९७० मध्ये स्पेन्सर वारले.

तोच मॅग्नेट्रॉन आजही तुमच्या ओव्हनमध्ये आहे. त्याला हजारो व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठलेला असू शकतो. म्हणून घरी एवढंच बघा: सॉकेटमध्ये वीज आहे का, दार नीट लागतंय का, चाइल्ड लॉक चालू नाही ना. लाइट लागतो, प्लेट फिरते, पण अन्न गरम होत नाही? ठिणग्या उडतात? प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. व्हिडिओ बघून मागचं कव्हर अजिबात उघडू नका.